लकडगंजचा अनुस्वार

आमच्या पिढीतल्या जवळपास प्रत्येक नोकरदाराकडे एक यादी असते. 'रिटायर झाल्यावर करायच्या गोष्टी'. कोणाची एक्सेलमध्ये, कोणाची डायरीत, कोणाची नुसतीच डोक्यात. सतार शिकायची, नर्मदा परिक्रमा करायची, कोकणात छोटंसं घर, चार आंब्याची झाडं वगैरे वगैरे. माझ्या टीममधल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या पोराने तर पंचेचाळिसाव्या वर्षी रिटायर व्हायचं गणित मांडून ठेवलंय, एसआयपीसकट! फक्त त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी काय करणार, या कॉलममध्ये त्याने अजून काही भरलेलं नाही.

बाबांकडे अशी यादीच नव्हती. सरकारी बँकेत ३७ वर्षं नोकरी. १९८२ साली लागले, म्हणजे चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला त्याच वर्षी. मग विदर्भभर बदल्या: आरमोरी, पुसद, वाशीम, गोंदिया, देवळी. आधी क्लार्क, मग कॅशियर, मग अधिकारी. ३१ मे २०१९ ला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन घरी आले. (ज्याला वेळेचं आता काही काम उरलेलं नाही त्यालाच घड्याळ का देतात, हे मला आजवर कळलेलं नाही.)

पहिले दोन-तीन महिने मजेत गेले. राहिलेली लग्नं, राहिलेले नातेवाईक, राहिलेलं पंढरपूर. मग गाडी अडली. सकाळी साडेपाचला उठायचे आणि साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून तयार. कुठे जायचं? कुठेच नाही. पेपर टेंडर नोटिसांसकट वाचून व्हायचा. मग स्वयंपाकघराचं ऑडिट सुरू झालं. डाळींच्या डब्यांना लेबलं लागली, गॅसचं सिलिंडर किती दिवस पुरलं त्याचं रजिस्टर निघालं. आई फोनवर म्हणाली, "अरे, इतकी वर्षं दुपार माझी एकटीची होती. आता माझ्यावर साहेब आला!" आम्ही हसलो.

मग २०२० चा मार्च आला आणि हसणं संपलं. "काय करून राहिले बाबा?" विचारलं की उत्तर एकच, "काही नाही." आधी ऑडिट बंद झालं, मग शब्दकोडं, मग संध्याकाळचं गच्चीवर जाणं. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यांच्या बरोबरीचे तीन जण दोन महिन्यांत गेले. त्यानंतर आई फोन घेऊन मागच्या अंगणात जायची आणि हळू आवाजात सांगायची, "दिवस दिवस बोलत नाहीत रे. विचारलं तर म्हणतात, बोलण्यासारखं काय आहे?"

मी पुण्यात, ताई नाशिकला. दोघांनी मिळून ठरवलं की नागपूरचं घर विकायचं आणि माझ्याच सोसायटीत आई-बाबांसाठी टू बीएचके बघायचा. बाबा भांडतील अशी पूर्ण तयारी होती. नागपूर फार गरम आहे बुवा, एवढं कोणी म्हटलं तरी अर्धा तास वाद घालणारा हा माणूस! पण ते म्हणाले, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा."

ते ऐकून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

आता थोडं आमच्या मोहल्ल्याबद्दल. लकडगंज म्हणजे पूर्व नागपूर, इतवारीला लागून. गंज म्हणजे बाजार, त्यामुळे नावातच सगळं आलं. हल्ली सेंट्रल अव्हेन्यूवरून मेट्रो धावते, टेलिफोन एक्स्चेंज स्टेशनला उतरायचं आणि आत वळायचं. आरामशिनी, लाकडाच्या वखारी, प्लायवूडची दुकानं, दारं-खिडक्या, देव्हारे. या धंद्यात कच्छी पटेल बरेच, त्यामुळे एकाच दुकानात गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत भाव होतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला साग नागपूरच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या येतोय. व्यापारी या सागाला अजूनही 'सीपी टीक' म्हणतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, आपला मध्य प्रांत! ते नाव नकाशावरून १९५० सालीच गेलं, १९५६ साली नागपूरची राजधानीही गेली, पण लाकडाने नाव सोडलं नाही. २०२३ साली दिल्लीत नवं संसद भवन उभं राहिलं, त्यातला साग नागपूरहून गेला. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही त्याच वर्षी बल्लारशाहून साग रवाना झाला. अर्थात हल्ली वखारीत आफ्रिकेचा आणि दक्षिण अमेरिकेचा सागही दिसतो. बर्माचा ओंडका मात्र येत नाही, म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली.

आणि बाबा? १९५९ चा जन्म, लकडगंजातच. महाराष्ट्र राज्यापेक्षा एका वर्षाने मोठे. आरामशिनीच्या आवाजात अभ्यास केला, ओल्या भुशाच्या वासात वाढले, पण लाकडाला कधी हात लावला नाही. घरात खिळा ठोकायचा तरी सुतार यायचा. आजोबांचा नियमच होता, शिकणाऱ्या पोराने हातोडी धरायची नाही. हातोडी धरावी लागू नये म्हणूनच तर त्याला शिकवत होते!

तर घर विकायचं म्हणजे आधी ते दाखवण्यासारखं हवं. मागच्या दाराच्या चौकटीला वाळवी लागली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती बदलायला म्हणून बाबा वखारीत गेले. दुकानाच्या मागच्या बाजूला एक म्हातारे कारागीर देव्हाऱ्याची जाळी कापत बसले होते. हातात घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली फ्रेम आणि तिच्यात दोऱ्याएवढं बारीक पातं. शाळेत क्राफ्टच्या तासाला ज्यांनी फ्रेटवर्क केलंय त्यांना ही करवत आठवेल. बाबा चौकटीचं विसरले आणि तिथल्याच एका स्टुलावर दोन तास बसून राहिले. इकडे आई घाबरून शेजाऱ्यांना शोधायला पाठवायच्या बेतात.

त्या रात्री मला फोन आला. बाबांनी स्वतःहून लावलेला, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. हॅलो नाही, जेवलास का नाही. एकदम, "त्या बारीक करवतीचं मशीन येतं का रे?"

येतं. त्याला स्क्रोल सॉ म्हणतात.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर आता सुतार हातात धरून फिरवतो तो जिगसॉ आला असेल. हा तो नव्हे. स्क्रोल सॉ म्हणजे शिलाई मशीनचा चुलतभाऊ. पातं जागच्या जागी वर-खाली होतं, मिनिटाला साधारण चारशे ते सोळाशे वेळा, आणि लाकूड आपण दोन्ही हातांनी फिरवायचं, कापडासारखं. पातं पाचेक इंच लांब. मधल्या नंबरचं घेतलं तर रुंदी एक मिलिमीटर आणि जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणूनच ते जवळजवळ जागच्या जागी वळतं. जाळीतलं आतलं भोक कापायचं असेल तर आधी ड्रिलने छिद्र पाडायचं, पात्याचं वरचं टोक सोडवायचं, छिद्रातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, मग कापायचं. जाळीला पन्नास भोकं असतील तर हे पन्नास वेळा!

एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत मशीन आलं आणि गच्चीवरच्या खोलीत बसलं. घर विकायचंच आहे तर तोवर होऊ दे थोडा विरंगुळा, एवढाच आमचा हिशेब होता.

बाबांनी पहिल्या दिवसापासून रजिस्टर ठेवलं. (हो, रजिस्टर! बँकेतून माणूस निघतो, माणसातून बँक निघत नाही.) तारीख, लाकूड, पात्याचा नंबर, किती मिनिटं टिकलं, तुटायचं कारण. मी ते बघितलंय. पहिल्या दोन पानांवर 'कारण' या रकान्यात एकोणीस वेळा एकच शब्द आहे: घाई.

हे काम म्हणजे नेमकं काय, ते त्या रजिस्टरमधूनच कळतं. पातं पुरेसं ताणलंय का ते नखाने छेडून बघायचं. तंबोऱ्याच्या तारेसारखं टणकन वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर सैल. लाकूड ढकलायचं नाही, पात्याला त्याच्या वेगाने खाऊ द्यायचं. ठशाने कापून बनवलेल्या पात्याची एक कड दुसरीपेक्षा खरखरीत असते, त्यामुळे ते सरळ रेषेत चालतच नाही, एका बाजूला ओढतं. आपण लाकूड थोडं तिरकं धरून ते सांभाळून घ्यायचं. सागात सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्याच पदार्थाचा अंश असतो, त्यामुळे पात्याची धार लवकर जाते. लाकडावर साधी पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवली की पातं कमी तापतं आणि कड काळी पडत नाही. ही शेवटची नोंद लाल शाईत आहे.

एकदा ऐन कामात पाती संपली तेव्हा बाबा चालत इतवारीच्या सराफा ओळीत गेले. सोनार धातू कापायला जी बारीक पाती वापरतात तीही साधारण त्याच लांबीची, सपाट टोकांची असतात. आणि बसली की मशीनमध्ये! पण त्यांचे दात धातूसाठी इतके बारीक असतात की सागाचा भुसा त्यांत चिकटून बसतो आणि लाकूड जळायला लागतं. जाड सागाला निकामी, पातळ पट्टीला उत्तम. हा शोध लागला त्या रात्री बाबा माझ्याशी पस्तीस मिनिटं बोलले. बोलण्यासारखं काय आहे, म्हणणारे हेच ते!

लाकूड वखारीतूनच यायचं, कापाकापीत उरलेले तुकडे. "काका, ये तो भट्टी का माल है," असं म्हणत दुकानदार पैसेही घ्यायचा नाही. हळूहळू तो तुकडे बाजूला काढून ठेवायला लागला. पिवळाधमक हळदू, दुधी रंगाची शिवण, काळपट शिसम, लालसर तपकिरी बिजा. बिजाचा तुकडा पाण्यात ठेवला की पाण्याला निळसर झाक येते, हे बाबांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर कळलं. बँकेत त्यांना साहेब म्हणणारे शेकडो होते. वखारीत ते 'काका' झाले. ज्यांना काही येत नाही आणि जे सारखं विचारत असतात असे काका. मला वाटतं, त्यांना ते भयंकर आवडलं. गेल्या तीस वर्षांत कोणी त्यांना काही शिकवलंच नव्हतं. सगळे फक्त सह्या घ्यायला यायचे.

बाबांनी कापायला घेतलेला पहिला शब्द होता 'लकडगंज'. दारावर नवी पाटी हवी होती. जुन्या पितळी पाटीवर नावाखाली बँकेतला हुद्दा होता.

इथे एक गंमत आहे, आणि ती मला इंजिनियर असून कधी सुचली नव्हती. इंग्रजी शब्द लाकडात कापला की त्याची सुटी अक्षरं होतात, मग ती एखाद्या फळीवर चिकटवत बसा. आपला शब्द शिरोरेषेला लटकलेला असतो. कापला की अख्खा एकसंध निघतो! बाबा खूश. 'क'च्या पोटात छिद्र पाडून आतला भाग काढला, बाकी सगळं बाहेरून. पण सागाची फळी आडव्या रेषांची होती. शिरोरेषा मजबूत राहिली, पण 'ग' आणि 'ज'चे उभे दंड रेषांच्या विरुद्ध गेले आणि बोट लागताच मोडले. फळी उभी धरून कापलं तर दंड टिकले आणि शिरोरेषा मोडली. मराठी लिपीला लाकडाच्या रेषा दोन्ही दिशांनी हव्यात, आणि झाड तर एकाच दिशेने वाढतं! उत्तर होतं प्लायवूड. त्यात एकाआड एक पदर उलट्या दिशेने चिकटवलेले असतात. आठव्या प्रयत्नात सहा मिलिमीटरच्या प्लायवर 'लकडगंज' निघालं.

आणि अनुस्वार पडला.

पडणारच. आख्ख्या शब्दात तेवढाच एक शिरोरेषेला चिकटलेला नाही. शेवटचा कट पूर्ण झाला आणि टिंब टुणकन उडून भुशात गेलं. त्या रात्री बाबा टॉर्च घेऊन गच्चीवरच्या खोलीत भुसा चाळत बसले. दुसरं टिंब कापायला दोन मिनिटं लागली असती, पण त्यांना तेच हवं होतं. आई वैतागून म्हणाली, "राहू द्या की. अनुस्वार गेला तर लकडगज होईल. लाकडाचा हत्ती!" आणि मग म्हणे दोघंही जिन्यात बसून हसत होते. हे मला आईने फोनवर सांगितलं. या वेळी ती मागच्या अंगणात गेली नव्हती.

टिंब सकाळी केरात सापडलं. उदबत्तीची काडी संपते ना, खाली उरणारी बांबूची काडी, तिचा छोटा तुकडा खुंटी म्हणून वापरून बाबांनी ते 'ग'वर बसवलं. शिरोरेषेपासून जरा वर, पण पक्कं. ती पाटी आज आमच्या दारावर आहे. नाव आहे, लकडगंज आहे, हुद्दा नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. सीएनसी राउटर आहे, लेझर आहे, फाइल दिली की दहा मिनिटांत जाळी तयार. मग हे कशाला? माझ्याही मनात होताच. दिवाळीला गेलो तेव्हा बाबांना मुद्दाम सीएनसीवाल्याकडे घेऊन गेलो. बाबांनी जाळी हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आतले कोपरे गोल आहेत." बरोबर! राउटरचं बिट गोल फिरतं. तीन मिलिमीटरचं बिट असेल तर आतल्या प्रत्येक कोपऱ्याला दीड मिलिमीटरची गोलाई येणारच. लेझरला कोपरा टोकदार जमतो, पण त्याच्या उष्णतेने कड काळपट होते. स्क्रोल सॉला दोन्ही जमतं.

पण मशीनला हरवल्याचा आनंद वगैरे बाबांना अजिबात नव्हता. परत येताना म्हणाले, "नोटा मोजायचं मशीन आलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. काम लवकर व्हायचं. पण आधी नोट हातात आली की अंगठ्याला कळायचं, ही खोटी आहे. पुढे पुढे अंगठ्याला कळेनासं झालं. कोणी विचारलंही नाही, गरजच नव्हती. आता परत कळायला लागलंय, हा साग ओला आहे की सुका."

हे वाक्य घेऊन मी पुण्याला परतलो आणि ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. आमच्या टीममध्ये आता बराचसा कोड एआय लिहितो, आम्ही वाचतो आणि मंजूर करतो. काम लवकर होतं, मलाही बरंच वाटतं. पण एखादं फंक्शन नुसतं बघून "इथे काहीतरी खोटं आहे" असं जे पूर्वी आतून कळायचं, तो आमचा अंगठा. तो वापरला नाही तर कोणाचं काही अडणार नाही. फक्त एक दिवस तो नसेल.

असो. सगळं गोड-गोड चाललं होतं असं समजू नका. २०२२ च्या हिवाळ्यात बाबांना खोकला लागला आणि जाईना. मी वाचायला बसलो. लाकडाची धूळ ही काही साधी धूळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला १९९५ सालीच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, नाकाच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध झालेला आहे. मी फोनवर सांगितलं, मशीन बंद. पलीकडे शांतता. मग बाबा शांतपणे म्हणाले, "बरं. मग परत टेंडर नोटिसा वाचू?"

मला उत्तर देता आलं नाही. आईने दिलं. तीच म्हणाली, "मशीन राहील, धूळ जाईल." एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. मग खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसला, पात्याजवळ व्हॅक्यूमची नळी आली, तोंडावर चांगला मास्क, डोळ्यांवर गॉगल आणि दिवसाला जास्तीत जास्त दोन तास. झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. तपासणीचे हक्क अर्थातच आईकडे. "आता तुमच्यावर साहेब आला," ती म्हणाली. :-)

मग २०२४ चा मोठा प्रकल्प. माझी लेक तिसरीत जाणार होती, तिला आबांकडून महाराष्ट्राचा नकाशा हवा होता, जिल्ह्यांचं जिगसॉ पझल. हे मूळ परंपरेला धरूनच झालं. जिगसॉ पझलची सुरुवात नकाशापासूनच झाली. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा एक माणूस होता, त्याने मुलांना भूगोल शिकवायला नकाशे लाकडावर चिकटवून सीमांवरून कापले.

बाबांनी सहा महसुली विभागांसाठी सहा लाकडं निवडली. नागपूर विभागाला साग, दुसरं काही शक्यच नव्हतं. अमरावतीला बिजा. दोन विभागांची सीमा एकमेकींत बसायला हवी, म्हणून दोन फळ्या दुहेरी टेपने एकावर एक चिकटवून एकाच वेळी कापायच्या, म्हणजे रेष दोन्हीकडे तीच येते. कोकणासाठी फळी उभ्या रेषांची घेतली, नाहीतर ती लांबट पट्टी मधेच मोडली असती. पाटीने शिकवलेला धडा! मुंबई शहर जिल्हा दोन-चार तांदळाच्या दाण्यांएवढा, बोटात धरून कापणं धोक्याचं. तो मोठ्या तुकड्याला चिकटलेला ठेवून सगळ्यात शेवटी सोडवला. आणि सगळ्यात पहिला कट? अमरावती विभागाच्या पश्चिम कडेवरून. म्हणजे पहिल्याच दिवशी वेगळा विदर्भ झाला! इतक्या आंदोलनांना जमलं नाही ते बाबांनी पाऊण तासात केलं.

कापताना ते लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलायचे. आधी मशीन बंद, मग गोष्ट. "मी शाळेत होतो तेव्हा २६ जिल्हे पाठ करायचो. तुला ३६ करायचेत, पालघर २०१४ ला आलं ना. आणि हे गोंदिया. मी तिथे होतो तेव्हा १९९९ साली माझी बदली झाली नाही, जिल्ह्याचीच झाली! झोपलो भंडारा जिल्ह्यात, उठलो गोंदिया जिल्ह्यात." आरमोरीचा पूर, पुसदचं भाड्याचं घर, देवळीतले कर्जदार. ३७ वर्षांच्या ज्या नोकरीबद्दल घरी कधी चार वाक्यं बोलले नव्हते, ती एकेका जिल्ह्यातून बाहेर येत होती. मी लॅपटॉपवर काम करतोय असं दाखवून शेजारी बसून ऐकायचो.

नकाशा मे महिन्यात तयार झाला आणि पुण्याला आला. छान सैलसर बसायचा. जुलैत एके संध्याकाळी लेकीने नागपूरला फोन लावला आणि तक्रार केली, "आबा, नागपूर निघतच नाही!"

सागाचं फुगणं-आकसणं कमी, पण शून्य नाही. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात कापलेलं लाकूड पुण्याच्या पावसात ओलावा पिऊन फुगलं होतं. बाबांनी हे सगळं तिला समजावलं आणि म्हणाले, "ओढू नको. दिवाळीपर्यंत निघेल." मागून आईचा आवाज आला, "नागपूर असंच असतं म्हणावं."

घराचा प्रश्न सुटलाय असं मुळीच नाही. बाबा ६६ चे आहेत, आईचे गुडघे दुखतात, गच्चीवरच्या खोलीला अठरा पायऱ्या आहेत. कधीतरी काहीतरी ठरवावं लागेल. पुण्यात मशीन ठेवायला बाल्कनी आहे, लाकूडही मिळेल. पण "काका, तुमच्यासाठी हळदूचा तुकडा ठेवलाय" असं रस्त्यातून हाक मारून सांगणारा माणूस मी कुठून आणू? टू बीएचके बघताना ताईने आणि मी हॉस्पिटल किती लांब आहे, लिफ्टला जनरेटर आहे का, हे सगळं विचारलं होतं. बाबांना शिकवणारं कोणी आसपास आहे का, हे विचारायचा रकानाच कुठल्या फॉर्ममध्ये नसतो.

गेल्या महिन्यात जुन्या ब्रोकरचा परत फोन आला होता. लकडगंजात भाव चढलेत, गिऱ्हाईक तयार आहे, विकायचा काय विचार आहे? फोन बाबांनीच घेतला. मशीन बंद केलं, मास्क खाली केला आणि म्हणाले,

"सध्या शिकून राहिलो जी. शिकून झालं की कळवतो."